मुलाची ॲलर्जी गेली का? दूध, अंडं, गहू, शेंगदाणा पुन्हा सुरू करण्याआधी

"मोठं झालं की जाईल" हे वाक्य अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरात दर सणावाराला ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. दूध, अंडं, गहू, सोयाबीन यांची ॲलर्जी बहुतेक मुलांची जाते. शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एकाची जाते, काजू-अक्रोडासारख्या सुक्या मेव्याची दहांतल्या एकाची. मासे, कोळंबी, खेकडा यांची ॲलर्जी बहुधा मुक्कामालाच येते.

उरलेलं अर्धं असं, की ॲलर्जी गेली तरी ते आपोआप कळत नाही. काही घरांत ती जाऊन तीन-चार वर्षं झाली तरी मूल दुधाचा थेंब घेत नाही. काही घरांत "बघू तर खरं" म्हणून कोणीतरी बोटभर श्रीखंड चाटवतं आणि रात्र दवाखान्यात जाते.

वयाबद्दलची अपेक्षाही जरा लांबवायला हवी. "तीन वर्षांचा झाला की सुटेल" हा जुना अंदाज आता कमी पडतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स या मोठ्या वैद्यकीय केंद्राच्या 2007 सालच्या अभ्यासात दुधाची ॲलर्जी चार वर्षांपर्यंत 19 टक्के, आठपर्यंत 42, बारापर्यंत 64 आणि सोळापर्यंत 79 टक्के मुलांची गेलेली दिसली. अंड्याच्या बाबतीत त्याच गटाला दहाव्या वर्षी 37 आणि सोळाव्या वर्षी 68 टक्के असे आकडे मिळाले. मोठ्या केंद्रात पोचणारी मुलं मुळातच जास्त त्रासाची असतात, त्यामुळे साध्या मुलांत हे लवकर घडतं. पण पाचव्या वर्षी सुटली नाही म्हणून आशा सोडायचं कारण नाही, एवढं हे आकडे नक्की सांगतात. ज्याला एकापेक्षा जास्त पदार्थांची ॲलर्जी आहे, दमा आहे, अंगावर मोठा एक्झिमा (खाजरे, कोरडे चट्टे) आहे, त्याला सहसा जास्त वेळ लागतो.

आधी ठरवा: होती ती ॲलर्जी कुठली?

गेली का हे विचारण्याआधी मुळात काय झालं होतं ते कागदावर हवं. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांध्या, ओठ-डोळे सुजणं, उलटी, खोकला, घरघर असं झालं असेल तर ती आयजीई (रक्तातलं ॲलर्जीचं प्रतिपिंड) प्रकारची, म्हणजे लगेच उमटणारी ॲलर्जी. या लेखातल्या चाचण्या तिच्यासाठी आहेत.

दूध किंवा भाताची पेज दिल्यावर एक ते चार तासांनी बाळ पुन्हापुन्हा ओकतं, पांढरं पडतं, मलूल होतं, पण अंगावर काहीच उठत नाही, तो प्रकार वेगळा. त्याला एफपीआयईएस म्हणतात. त्यात त्वचेची आणि रक्ताची चाचणी सहसा कोरी येते, त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहे, द्या" हा सल्ला तिथे धोक्याचा ठरतो. ही तक्रार बहुतेकांची तीन ते पाच वर्षांपर्यंत जाते, पण खात्री रुग्णालयात खाऊ घालूनच करतात. अंगावरच्या दुधाच्या बाळाला शीमध्ये रक्ताचे धागे दिसत असतील आणि बाळ एरवी खेळतं असेल, तर ते बहुधा वर्षाच्या आत मिटतं. दुधाने फक्त पोट फुगणं, गॅस, पातळ शी होत असेल तर तो लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचण्याचा प्रकार असू शकतो. ती ॲलर्जीच नव्हे.

आपल्याकडे इथे एक भाषेची गंमत आडवी येते. अंगावर गांध्या उठल्या की आपण म्हणतो "पित्त उठलं". मग आजी आमसुलाचं पाणी लावते, तासाभरात गांध्या बसतात आणि खरी नोंद तिथेच पुसली जाते. डॉक्टरांनी "आधी कधी ॲलर्जी आली होती का?" असं विचारलं की उत्तर येतं "नाही, पित्ताचा त्रास आहे थोडा". म्हणून एका वहीत प्रत्येक प्रसंगाची एकेक ओळ ठेवा: तारीख, पदार्थ, किती खाल्ला (चमचे किंवा दाणे), कच्चा, उकडलेला की भाजलेला, किती मिनिटांनी काय दिसलं, कोणतं औषध दिलं, किती वेळात उतरलं. त्या दिवशी ताप होता का, खाऊन लगेच पळापळ झाली होती का, हेही लिहा. ताप, दमवणारा खेळ आणि काही वेदनाशामक गोळ्या यांमुळे एरवी सोसणारं प्रमाणही अंगावर येतं.

तितकीच महत्त्वाची उलट नोंद. वाढदिवसाला चुकून केक खाल्ला आणि काहीच झालं नाही, हे लोक विसरतात किंवा ओरडा बसेल म्हणून लपवतात. ॲलर्जी सुटत असल्याचा तो सर्वांत चांगला पुरावा असतो. किती तुकडा, कशाचा केक, ते लिहून ठेवा. मात्र तेवढ्यावर दुसऱ्या दिवशी पेलाभर दूध देऊ नका. कारण पुढे येतंच.

किती दिवसांनी तपासायचं

दूध, अंडं, गहू, सोयाबीन: लहान वयात दर सहा ते बारा महिन्यांनी. शेंगदाणा, तीळ, सुका मेवा, मासे: दर एक-दोन वर्षांनी. मध्यंतरी मोठा त्रास झाला असेल तर लगेच तपासून फारसं हाती लागत नाही.

त्वचेच्या चाचणीत हातावर किंवा पाठीवर अर्काचा थेंब ठेवून बारीक टोचतात आणि पंधरा मिनिटांनी उठलेला फुगवटा मिलिमीटरमध्ये मोजतात. तिच्या आधी साधारण सात दिवस सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची औषधं बंद हवीत, नाहीतर फुगवटा दबतो आणि चाचणी खोटी चांगली येते. सर्वांत जास्त चूक इथे होते. पालक "ॲलर्जीची गोळी" थांबवतात, पण सर्दीखोकल्याचं सिरप चालू ठेवतात. त्यात बहुधा क्लोरफेनिरामिन असतं, म्हणजे त्याच जातीचं औषध दुसऱ्या बाटलीतून पोटात जातं. गांध्यांवर घेतात ती घरातली "पित्ताची गोळी"ही यातच मोडते. सगळ्या बाटल्यांचे फोटो काढून आधीच डॉक्टरांना दाखवा. दम्याचा रोजचा पंप मात्र बंद करायचा नाही. रक्ताच्या चाचणीवर या औषधांचा परिणाम होत नाही.

रक्तात त्या-त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई मोजतात. ढोबळ खुणा अशा: दुधाचं 15, अंड्याचं 7, शेंगदाण्याचं 14 युनिटच्या वर असेल तर खाल्ल्यावर त्रास होण्याची शक्यता सुमारे 95 टक्के, म्हणून आत्ता खाऊ घालून बघण्यात अर्थ नाही. दोन वर्षांखालच्या बाळांत या रेषा बऱ्याच खाली येतात: दुधाला 5, अंड्याला 2. मोठ्या मुलात आकडा 2 च्या आसपास किंवा खाली आला की पास होण्याची शक्यता निम्म्याच्या घरात जाते आणि प्रत्यक्ष चाचणीचा विषय काढता येतो. हे आकडे इम्युनोकॅप या पद्धतीचे आहेत. दुसऱ्या यंत्राचा आकडा यांच्याशी ताडून पाहू नका, आणि दरवर्षी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने तपासा. एका आकड्यापेक्षा उतरता क्रम जास्त बोलका असतो. 22, मग 11, मग 4 असा उतार असेल तर वहीत पुढची तारीख लवकरची टाका.

आकड्याबद्दल एक गैरसमज हमखास दिसतो. आकडा मोठा म्हणजे त्रास भयंकर आणि लहान म्हणजे सौम्य, असं नसतं. आकडा त्रास होण्याची शक्यता सांगतो, त्याची तीव्रता नाही.

"दोनशे पदार्थांची ॲलर्जी एका थेंबात" अशा जाहिराती असतात. त्यांतल्या पुष्कळ चाचण्या आयजीजी मोजतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता याची खूण, ॲलर्जीची नव्हे. केसांवरून ॲलर्जी सांगणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको. आयजीईचीही सरसकट यादी तपासू नका. मूल जे मजेत खातंय त्याचा रिपोर्ट "पॉझिटिव्ह" आला म्हणून ते बंद करणं हा खरा तोटा. विशेषतः एक्झिमा असलेल्या मुलात चालू असलेला पदार्थ काही महिने तोडला आणि पुन्हा दिला, तर पहिल्यापेक्षा मोठा त्रास झाल्याची उदाहरणं आहेत.

भाजलेलं दूध, भाजलेलं अंडं

दूध किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी सुमारे 70 ते 80 टक्के मुलं ते केकमध्ये नीट भाजलेल्या रूपात सोसतात. अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन उष्णतेने मोडतं, ओव्होम्युकॉइड बरंचसं टिकतं. दुधातली व्हे प्रथिनं मोडतात, केसीन टिकतं. शिवाय गव्हाच्या पिठातलं ग्लुटेन या प्रथिनांना जखडून ठेवतं. म्हणून रक्तात केसीनचा किंवा ओव्होम्युकॉइडचा वेगळा आकडा काढतात. तो कमी असेल तर केक सोसण्याची शक्यता चांगली. जी मुलं असा केक सोसतात, त्यांची ॲलर्जी सहसा लवकर सुटते.

"भाजलेलं" म्हणजे नेमकं काय, हे इथे महत्त्वाचं आहे. चाचणीचा मफिन 180 अंश सेल्सिअसला साधारण 30 मिनिटं भाजतात. सहा मफिनच्या मिश्रणात दोन अंडी, म्हणजे एका मफिनमध्ये एक तृतीयांश अंडं, सुमारे 2 ग्रॅम प्रथिन. दुधाच्या मफिनमध्ये एकामागे सुमारे 1.3 ग्रॅम दुधाचं प्रथिन येतं, म्हणजे सहा मफिनना साधारण 240 मि.ली. गाईचं दूध. काडी घालून कोरडी बाहेर यायला हवी, मध्यभाग ओला नको.

घरी गडबड कुठे होते? कुकरमधल्या किंवा कढईतल्या केकचं तापमान कुणालाच माहीत नसतं. मोठा केक बाहेरून तांबूस आणि आत दमट राहतो. कडक भाजलेलं ऑम्लेट, दोन्ही बाजूंनी परतलेला फ्रेंच टोस्ट, उकडलेलं अंडं यांत अंडं पिठात मिसळून भाजलेलं नसतं, वेळही कमी, म्हणून ती "भाजलेलं अंडं" धरायची नाहीत. चहातलं दूध, आटवलेली बासुंदी, खवा, पेढा यांचंही तेच. कितीही उकळलं तरी केसीन जागेवर असतं आणि खव्यात तर ते दाटतं. केकवरचं क्रीम आणि मधला मलईचा थर कच्च्या दुधाच्या खात्यात.

पहिला मफिन घरी द्यायचा की रुग्णालयात, हे डॉक्टर ठरवतील. आधी श्वासाचा त्रास किंवा ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) झाला असेल, किंवा दमा आटोक्यात नसेल, तर उत्तर रुग्णालय हेच.

खाऊ घालून चाचणी: त्या दिवशी काय होतं

ॲलर्जी गेली की नाही, याचं पक्कं उत्तर एकच चाचणी देते. तो पदार्थ वाढत्या प्रमाणात, देखरेखीखाली खाऊ घालायचा. अतिदक्षता विभाग हाताशी असलेलं रुग्णालय आणि याची सवय असलेले डॉक्टर, एवढं असल्याशिवाय ही चाचणी करू नये.

आदल्या आठवड्यात मूल ठणठणीत हवं. सर्दी, ताप, घरघर, वाढलेला एक्झिमा असेल किंवा दम्याचा तातडीचा पंप वारंवार लागला असेल तर तारीख पुढे ढकला. अशा दिवशी पास-नापास दोन्ही निकाल फसवे. सात दिवस ॲलर्जीची औषधं बंद. सकाळी हलकंच खायला द्या. भरल्या पोटी मूल पुढचं खात नाही आणि अर्धवट सोडलेल्या चाचणीला निकाल नसतो. पाच-सहा तासांची तयारी ठेवून निघा.

बऱ्याच केंद्रांत प्रथिनाच्या 3, 10, 30, 100, 300, 1000 आणि 3000 मिलिग्रॅम अशा सात पायऱ्या वापरतात, मध्ये 20 ते 30 मिनिटं थांबून. गाईचं दूध घेतलं तर ते साधारण 0.1, 0.3, 1, 3, 10, 30 आणि 90 मि.ली. असं येतं. सगळं मिळून सव्वाशे-दीडशे मि.ली.च्या मध्ये. म्हशीच्या दुधात प्रथिन जास्त असतं, म्हणून घरून नेणार असाल तर कुठलं दूध आहे ते आधी सांगा. शेंगदाण्याच्या वजनाचा सुमारे चौथा भाग प्रथिन असतो, त्यामुळे शेवटची पायरी 12 ग्रॅम दाण्यांच्या कुटाची. मूल हट्टी असेल तर तो पदार्थ ज्यात मिसळायचा ते त्याच्या आवडीचं, आधी सोसलेलं काहीतरी घेऊन जा. केळ्याचा लगदा, भात, गुळाचं पाणी काहीही चालेल, फक्त त्यात नवा पदार्थ नको.

तोंडाभोवती एखादा लाल ठिपका, "घशात खाजतंय" अशी तक्रार यावर चाचणी लगेच थांबवत नाहीत. थोडं थांबून बघतात. अंगभर गांध्या, पुन्हा उलटी, सतत खोकला, आवाज बसणं, मूल अचानक चिडून मांडीला चिकटणं किंवा सुस्त होणं ही थांबायची लक्षणं. शेवटच्या घासानंतर एक ते दोन तास तिथेच थांबायचं. एफपीआयईएसची चाचणी असेल तर चार तास तरी. घाईने घरी आणलेल्या मुलाचा त्रास गाडीत सुरू होतो.

नापास झाली तर? ती वाया गेली असं समजू नका. किती मिलिग्रॅमवर काय झालं हे आता माहीत असतं. पुढची तारीख बहुधा वर्षभराने.

घरी पायऱ्या चढवायच्या असतील तर

इंग्लंडमध्ये दुधाची "शिडी" वापरतात. बिस्किटापासून सुरुवात, मग मफिन, मग पॅनकेक, चीज, दही, शेवटी दूध. इकडे तिचं घरगुती रूप करायचं तर घटक पाहा. दूध पावडर आणि मैदा असलेलं कोरडं भाजलेलं बिस्किट, मग ओव्हनमधला मफिन, मग दूध घालून केलेलं धिरडं, मग पनीर, दही आणि शेवटी साधं दूध. तुपातली नानकटाई ही पायरी धरू नका, तुपात दुधाचं प्रथिन अगदी नाममात्र असतं. ही शिडी मुळात उशिरा उमटणाऱ्या, सौम्य त्रासाच्या मुलांसाठी आहे. लगेच उमटणाऱ्या ॲलर्जीत ती डॉक्टरांनी सांगितली तरच. सणाच्या गर्दीत, रात्री झोपताना किंवा मूल आजारी असताना पायरी वाढवायची नाही. सकाळी द्या, दोन तास धावपळ नको.

"गाईचं सोसत नाही तर शेळीचं द्या" हा सल्ला अजून मिळतो. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बाकीची दोन्हीही बाधतात.

बाहेर पडण्याआधी घरात काय हवं

चाचणीच्या वाटेवर असलेल्या, आधी मोठा त्रास झालेल्या प्रत्येक मुलासाठी ॲड्रिनलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारं इंजेक्शन, हाताशी हवं. परदेशात मिळणारं तयार पेन इथे सहज मिळत नाही, त्यामुळे डॉक्टर 1 मि.ली.मध्ये 1 मिलिग्रॅमची ॲम्प्यूल (काचेची कुपी), 1 मि.ली.ची सिरिंज आणि स्नायूपर्यंत पोचेल अशी सुई लिहून देतात. मात्रा किलोमागे 0.01 मि.ली.: दहा किलोला 0.1, पंधराला 0.15, वीसला 0.2, मुलांत कमाल 0.3. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, गरज पडली तर कपड्यावरून. तुमच्या मुलाची मात्रा चिठ्ठीवर मि.ली.मध्ये लिहून घ्या आणि डॉक्टरांसमोर एकदा सलाइन भरून सराव करा. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका. तिच्यावर युनिटच्या खुणा असतात आणि सुई आखूड असते. ॲम्प्यूल उजेडापासून दूर ठेवा, फ्रीझरमध्ये नको, गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच.

श्वास, आवाज किंवा शुद्ध यांवर परिणाम दिसला की आधी ॲड्रिनलिन, मग दवाखाना. जवळच्या दवाखान्यात "पित्ताची सुई" (गांध्यांवरचं ॲलर्जीचं इंजेक्शन) आणि स्टिरॉइड देऊन बसवून ठेवलं जाण्याची शक्यता असते. ही दोन्ही श्वास आणि रक्तदाब वेळेत सावरत नाहीत.

पास झाल्यावर

इथे बहुतेक घरं ढिली पडतात. मूल पास झालं, पेढे वाटले, आणि त्याला दाण्याचा वास आवडत नाही म्हणून पुन्हा चार महिने दाणे नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी गेलेल्यांपैकी सुमारे 8 टक्के जणांना ती परत आल्याचं आढळलं आहे, आणि हे मुख्यतः क्वचित खाणाऱ्यांत. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा चमचाभर कूट ठरवून पोटात गेलं पाहिजे. नुसते दाणे नको म्हणणारं मूल कोशिंबिरीत, खिचडीत किंवा भरल्या वांग्याच्या मसाल्यात ते खातं. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. खाणं नीट अंगवळणी पडेपर्यंत ॲड्रिनलिन घरातून काढू नका. दूध-अंडं बहुतेक मुलं आपणहून खात राहतात, तिथे ही काळजी कमी.

फक्त भाजलेलं अंडं पास झालं असेल तर तेवढंच चालू. शाळेच्या डब्यावर आणि आजोळी हे स्पष्ट लिहून द्या: "केक चालतो, ऑम्लेट नाही."

अजून नापास असलेल्या दाण्याच्या मुलाला आपल्याकडे सर्वांत अवघड दिवस उपवासाचा. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याच्या तांदळाबरोबरची आमटी, बटाट्याची भाजी, चिक्की, सगळीकडे कूट. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिन उरतं. पूर्ण शुद्ध केलेल्या तेलात ते जवळजवळ नसतं. संक्रांतीला तिळाच्या मुलांची पाळी. भारतातल्या 2020 च्या लेबल नियमांत दूध, अंडं, मासे, शेंगदाणा, सुका मेवा, सोयाबीन, ग्लुटेनचं धान्य यांची ॲलर्जी म्हणून वेगळी नोंद सक्तीची आहे, पण त्या यादीत तीळ नाही. तिळासाठी घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते.

रोज थोडं थोडं खाऊ घालून सोसण्याची पातळी वाढवणारे उपचारही आहेत. अमेरिकेत शेंगदाण्याच्या अशा औषधाला 2020 मध्ये आणि चुकून खाल्ल्यावरचा त्रास कमी करणाऱ्या ओमालिझुमॅब इंजेक्शनला 2024 मध्ये मान्यता मिळाली. पण त्यात ॲलर्जी गेलेली नसते. डोस थांबवला की बहुतेकांची सहनशक्ती उतरते. म्हणून उपचार घेणाऱ्या मुलाचं "आता खातो" आणि चाचणी पास झालेल्या मुलाचं "आता खातो" ही शाळेच्या फॉर्मवर दोन वेगळी उत्तरं आहेत.